साडेदहा ते साडेपाच

आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, एक कॉम्प्युटर आहे. त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिवसातून पंधरा-वीस वेळा एक चौकोन उगवतो आणि मला काहीतरी कळवतो. व्हायरसची तपासणी झाली, काही सापडलं नाही. अरे, नाही सापडलं तर सांगतोस कशाला? प्रिंटर जोडलेला नाही. आमच्याकडे प्रिंटर नाहीच. नवीन अपडेट आलं आहे, आत्ता रीस्टार्ट करू की नंतर? मी एका माध्यमिक शाळेत तीस वर्षांहून जास्त लिपिक होतो. शिपायाने दिवसातून वीसदा दारात येऊन "साहेब, काही नाही" असं सांगितलं असतं, तर मी त्याला काय म्हणालो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडायला मी हे लिहीत नाही. मला एका कुत्रीबद्दल लिहायचं आहे. ती माझी नव्हती. ती गेली मात्र माझ्यामुळे.

आम्ही निरगुडसरचे. घर मळ्यात आहे, चारी बाजूंनी ऊस. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. आमच्याकडे त्याला सगळे वाघच म्हणतात. लहान पोरं दारात एकटी सोडायची नाहीत, संध्याकाळी गवत कापायला वाकायचं नाही, वासरू आत बांधायचं, हे आता आम्हाला शिकवावं लागत नाही. शेजाऱ्याची कालवड गेली तेव्हा माझा मुलगा चाकणहून आला आणि त्याने बांधावर एक खांब उभा केला. खांबावर कॅमेरा, एक मोठा दिवा आणि भोंगा. कॅमेऱ्याची तार घरातल्या या कॉम्प्युटरला. उसाच्या कडेला काही हललं की कॉम्प्युटर 'टिंग' करणार, कोपऱ्यात चौकोन येणार, 'हालचाल आढळली'. मग मी चित्र बघायचं, वाघ दिसला तर बटण दाबायचं. बटण दाबलं की मळ्यात भोंगा बोंबलतो आणि दिवा लागतो. बिबट्या पळतो. निदान दोनदा तरी पळालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

निवृत्तीनंतर मला हे काम फार आवडलं. खुर्ची, टेबल, समोर पडदा. बायको म्हणायची, "घरात बसून चांगल्या उंटावरून शेळ्या हाकताय." मी म्हणायचो, "हाकतोय ना? झालं तर मग."

दिवाळी झाली की पूर्वेकडच्या माळावरचे मेंढपाळ कोकणात उतरायला निघतात. त्यातला एक जण दरवर्षी आमच्या मळ्यात चार-पाच दिवस मुक्काम करायचा. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, त्याबद्दल आम्ही त्याला बाजरी द्यायची. त्याचा बाप माझ्या वडिलांकडे यायचा, तसा हा माझ्याकडे. दोन मोसम मिळून त्याच्याशी जेवढं बोललो असेन तेवढं मी शाळेत मुख्याध्यापकांशी दहा वर्षांत बोललो नाही. तो मला भाऊसाहेब म्हणतो, कारण शाळेतल्या लिपिकाला सगळा गाव भाऊसाहेबच म्हणतो. मी त्याला पावणं म्हणतो. त्याच्याबरोबर त्याची बायको, एक घोडी, तिच्यावर सगळं बिऱ्हाड, दीडेकशे मेंढरं आणि ती कुत्री.

कुत्री तांबडी होती, डावा कान मधून फाटलेला. तिला नाव होतं, ते मी इथे लिहीत नाही. ते घ्यायचा मला आता हक्क वाटत नाही. तिच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा रुंद पट्टा असायचा. लांडगा असो नाहीतर वाघ, पहिला घाव नरड्यावर घालतो, म्हणून मेंढपाळ राखणीच्या कुत्र्याला असा पट्टा बांधतात. खिळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. आमच्या ओट्यावर यायची तेव्हा पट्टा फरशीवर खणखण वाजायचा, आणि वर्षभराने आली तरी बायकोला ओळखून शेपटी हलवायची. माझ्याकडे मात्र ती नुसती बघायची, भाकरीचा तुकडा दिला तर घ्यायची. आम्ही दोघेही एकाच स्वभावाचे असू.

त्या वर्षी मेंढरं आली त्याच दिवशी माझी पंचाईत सुरू झाली. मेंढरं जाळीच्या आत, तिथे कॅमेऱ्याचं तोंड नव्हतं. पण कुत्री जाळीच्या आत कशाला थांबेल? तिचं काम बाहेर. दिवस कलायला लागला की ती तळाभोवती फेऱ्या घालायला लागायची, आणि प्रत्येक फेरीत उसाच्या कडेने, नेमकी कॅमेऱ्यासमोरून जायची. टिंग. हालचाल आढळली. मी धावत जाऊन बघायचो, तर तांबडी कुत्री. बसतो न बसतो तोच टिंग. पुन्हा तीच. पहिल्या संध्याकाळी मी मोजायचं सोडून दिलं. जेवताना टिंग, बातम्या लागल्या की टिंग. एकदा तर ती थांबून कॅमेऱ्याकडे वर बघत उभी राहिली, जसं काही मीच तिला सारखा हाका मारतोय.

प्रत्येक टिंगबरोबर त्या क्षणाचा फोटो साठायचा. झोपायच्या आधी आणि सकाळी उठल्यावर ते सगळे फोटो निवडून पुसून टाकायचे, पुसलेलं ज्या डब्यात जातं तो डबाही रिकामा करायचा, ही माझी शिस्त. शाळेत माझ्या टेबलावर निकामी कागद कधी राहिला नाही. दोन्ही रात्री आणि दोन्ही सकाळी मी तिचे सगळे फोटो पुसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तळावर गेलो. पावणा घोडीच्या पाठीवरची जखम बघत होता. मी म्हटलं, "पावणं, जरा कुत्री बांधा की राव. तिच्या पायी माझं मशीन येडं झालंय. वाघ खरंच आला तरी मला कळायचं नाही."

तो हसला. "बांधलेली कुत्री राखण कशी करंल, भाऊसाहेब?"

"राखण मशीन करतंय ना. चोवीस तास जागं आहे ते. तुमची कुत्री झोपते तरी, ते झोपत नाही."

त्याने खांबाकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी तो भोंगा वाजला तेव्हा तो इथेच होता, वाघ उसात उडी मारून गेलेला त्यानेही पाहिला होता. तरी तो लगेच हो म्हणाला नाही. त्याची बायको चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "तिला सवं न्हाई बांधायची. लई आरडंल."

"आरडू द्या," मी म्हटलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

शेवटी माझ्या शब्दाखातर त्याने ऐकलं. त्यांच्याकडे साखळी नव्हती. मी घरी येऊन गोठ्यातली नेली, आणि एक जुना चामड्याचा पट्टाही नेला, कारण खिळ्यांच्या पट्ट्याला साखळी अडकवायला कडीच नव्हती. खिळ्यांचा पट्टा पावण्याने काढला. कुत्री मान खाली घालून उभी राहिली. बांधायचं कुठे, तेही मीच सांगितलं. आंब्याच्या मागे. म्हणजे कॅमेऱ्यात येणार नाही. चूल, म्हणजे जाळ आणि माणसं, तिथून लांब होती, ते माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. कुत्रीला चुलीचं काय, असा मी विचार केला.

मराठीत एक म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. शाळेत दाखले लिहिताना मी ती कितीतरी वेळा दुसऱ्यांना ऐकवली आहे.

त्या दिवशी टिंग एकदम थांबलं. घर शांत झालं आणि मला फार बरं वाटलं. मग एवढी एकच भानगड राहिली, ती अपडेटची. कित्येक दिवस मी 'नंतर' दाबत होतो. आता तो चौकोन हटायलाच तयार नव्हता, आणि बसायचा नेमका कॅमेऱ्याच्या चित्रावर. मुलाला फोन लावला.

"अण्णा, अपडेट घेऊन टाका ना एकदाचं."

"अरे, मेंढरं बसलीत मळ्यात. मधेच ते बंद पडलं तर?"

"मग एक करा. सेटिंगमध्ये जा. तिथे कामाचे तास विचारतील. तुम्ही घातलेल्या तासांत ते स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही. एरवी केव्हातरी आपलं आपण करून घेईल."

मला ही युक्ती पसंत पडली. मी चष्मा लावला, सेटिंग शोधलं. कामाचे तास, कुठून, कुठपर्यंत. मी लिहिलं, साडेदहा ते साडेपाच.

मला कोणी विचारतं, की असं कसं लिहिलंत? वाघ काय शाळेत येतो का? तीस वर्षं मी हजेरीवर, रजेच्या अर्जावर, दौऱ्याच्या कागदावर तेच तास लिहीत आलो. कामाचे तास म्हटलं की माझ्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. मी विचार करून चुकलो असतो तर त्याचं एवढं वाईट वाटलं नसतं. मी विचारच केला नाही. सेव्ह दाबलं, चौकोन गेला, आणि मी बायकोला म्हटलं, "बघ, कसा सरळ केला."

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. सूर्य मावळला होता, पण अजून उजेड होता. थंडी पडायला लागली होती, आणि मी बायकोला म्हणत होतो की उद्या पावण्याला एक जुनी सतरंजी देऊ. तेवढ्यात कुत्री भुंकायला लागली. दुपारभर ती अधूनमधून ओरडतच होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

बायकोने कप खाली ठेवला. "अहो, ती येगळीच भुकतीय."

"बांधलीय म्हणून चिडलीय."

"न्हाई. जरा जाऊन बघा तरी."

मी आत कान दिला. टिंग नाही, काही नाही. "कॉम्प्युटर बोलला का? नाही ना? मग काही नाही. असतं तर पहिलं त्याला कळलं असतं."

बायको उठून ओट्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मधल्या उसामुळे तिथून तळ दिसत नाही, नुसता खांबाचा शेंडा दिसतो. भुंकणं वाढलं, मग त्यात एक वेगळाच आवाज आला, आणि मग एकदम थांबलं.

"बघ," मी म्हटलं, "झाली गप्प."

मी हे बोललो. हे वाक्य मी बोललो नसतो तर बाकीचं सगळं मी कदाचित कॉम्प्युटरवर ढकलू शकलो असतो. मी ते बोललो आणि उरलेला चहा संपवला. चहा गरम होता, म्हणजे मी तो सावकाश संपवला असणार.

बायको देवापाशी दिवा लावायला आत गेली आणि तिने तिथूनच विचारलं, "ह्यो टीवी असा निळा का दिसतोय?" तो टीव्ही नव्हता. मी आत जाऊन बघितलं तर कॅमेऱ्याचं चित्र नव्हतं. निळ्या पडद्यावर मधोमध पासवर्डची रिकामी चौकट, आणि मशीन शांतपणे माझी वाट बघत बसलेलं. साडेपाच वाजून गेल्यावर त्याने अपडेट घेतलं होतं, रीस्टार्ट झालं होतं, आणि मी पासवर्ड टाकेपर्यंत कॅमेरा सुरू करायचा नाही म्हणून थांबलं होतं. मी सांगितलेले तास त्याने मिनिटभरही मोडले नव्हते.

मी पासवर्ड टाकत बसलो नाही. बॅटरी आणि काठी घेऊन पळालो. वाटेत मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही, बायको म्हणते मी "भोंगा, भोंगा" एवढंच ओरडत होतो.

तळावर पावणा आंब्यापाशी उभा होता. हातात कोयता होता, पण तो हात खाली सोडलेला. साखळी खुंट्याला तशीच होती, तिची एक कडीसुद्धा वाकलेली नव्हती. चामड्याचा पट्टा तुटला होता. मातीत गोल गोल उमटलं होतं, साखळी पुरते तेवढ्याच गोलात, आणि तिथून उसापर्यंत एक ओढत नेल्याची रेघ. पावणा उसात शिरायला निघाला, मी त्याला मागून धरला. त्याने सोडवून घेतलं नाही, नुसता उभा राहिला.

"त्या अंगाला कोकरं आत घालत व्हतो," तो म्हणाला. "ती आरडतीय ते ऐकलं मी. वर बघितलं. भोंगा न्हाई वाजला. म्हनलं, भाऊसाहेब बघत्यात."

त्याची बायको घोडीपाशी खाली बसून रडत होती. मेलेल्या माणसासाठी रडतात तशी, मोठ्याने, तिचं नाव घेऊन. पोटची पोर असावी तशी वाढवली व्हती, मेंढीच्या दुधावर वाढवली व्हती, असं ती सांगत होती. माझी बायको मागून आली आणि तिच्याजवळ बसली. मी काय करणार? मला माझी लाज वाटत होती आणि ती लाज कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. मी बॅटरी विझवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. आणखी दोन दिवस राहायचं ठरलं होतं. निघायच्या आधी पावणा आमच्या दारात आला. तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. त्याने साखळी आणली होती, धुऊन. कड्यांमध्ये अजून पाणी होतं.

"ही तुमची साखळी, भाऊसाहेब."

मी ती घेतली. तो घुटमळला. मग म्हणाला, "तुमच्या त्या मशीनमधी तिचा फोटू असंल की. दिसाला शंभरदा दिसती म्हनत व्हता तुमी. एखादा काढून द्या. हिला पायजे. आमच्याकडं तिचा एक बी न्हाई."

त्याच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यात फोटो कुठला! मी म्हटलं, "बघतो," आणि आत येऊन कॉम्प्युटरपुढे बसलो. खरं म्हणजे बघायचं काय होतं ते मला माहीत होतं. दोन रात्रींचे शे-दीडशे फोटो मी माझ्या हाताने पुसले होते, डबाही माझ्या हाताने रिकामा केला होता. तिसऱ्या दिवशी ती बांधलेली होती, आंब्यामागे, जिथे कॅमेऱ्याला दिसणार नाही असं मीच बघितलं होतं. फोल्डर उघडलं. आदल्या रात्री घरी येऊन, पासवर्ड टाकून मी पुन्हा तळावर गेलो होतो, त्यानंतर आलेले दोनच फोटो तिथे होते. एकात मी होतो, बॅटरी हातात घेऊन उसाकडे बघत. दुसऱ्यात पावणा, बांधावर वाकून काहीतरी शोधत.

मी बाहेर आलो. तो उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा होता, पलीकडे रस्त्यावर त्याची बायको घोडीचा दोर धरून इकडेच बघत होती.

"काल अपडेट झालं ना पावणं," मी म्हटलं, "त्या अपडेटमध्ये गेले सगळे. जुनं सगळंच गेलं."

एवढं मोठं खोटं इतक्या सहज माझ्या तोंडून आलं, की बायकोनेही वळून बघितलं नाही. तीसुद्धा खरंच समजली. पावण्याने मान हलवली. गारपीट झाली, नदीला पाणी आलं असं कोणी सांगितलं तर जशी हलवतात तशी. "असू द्या," तो म्हणाला. "मशीनला काय कळतंय, कुनाचं काय हाय ते."

ते घोडेगावच्या रस्त्याला लागले. मागे मेंढरं आपली आपण पांगत होती, आणि त्यांना वळवायला कोणी नव्हतं. पावण्याची बायकोच "हुर्र हुर्र" करत इकडून तिकडे पळत होती.

ते गेल्यावर मी कॉम्प्युटरचा खोका मोटारसायकलला बांधून मंचरला एका दुकानात नेला. पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे. दुकानदाराने ते दुपारभर चालवलं. त्यातून माझ्या मुलाच्या जुन्या कंपनीची कसली तरी पत्रकं आली, कोणाच्या तरी लग्नातले अर्धे फोटो आले, एक मोसमी हवामानाचा नकाशा आला. कुत्री आली नाही. "काका, अपडेट मोठं होतं, त्या जागेवर नवीन लिहिलं गेलं," तो म्हणाला. मी लगेच विचारलं, "म्हणजे अपडेटमुळेच गेलं म्हणायचं का?" तो म्हणाला, "आधी तुम्ही पुसलं नसतं तर नसतं गेलं."

घरी येऊन मी कामाचे तास बदलले, संध्याकाळी चार ते सकाळी दहा केले. वरातीमागून घोडं. आता अपडेट आलं की मी दुपारी समोर बसून घेतो, पासवर्ड टाकतो, कॅमेरा लागला का बघतो. कोपऱ्यातला चौकोन उगवला की तो वाचतो, पूर्ण. प्रिंटर जोडलेला नाही. वाचतो. काही सापडलं नाही. तेही वाचतो. साखळी गोठ्यात परत लावली नाही, ती माळ्यावर आहे.

पुढच्या दिवाळीनंतर पावणा आमच्या मळ्यात उतरला नाही. मला कळलं, की तो नदीच्या पलीकडे एकाच्या रानात बसलाय. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाजरीचं पोतं गाडीवर टाकून गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो, की जे खरं ते सांगायचं. फोटो मी पुसले, माझ्या हाताने पुसले, कंटाळा आला म्हणून पुसले. पुलावरून जाताना ते वाक्य मी मोठ्याने म्हणूनही बघितलं.

त्याने मला बघितलं आणि उठून आला, घोंगडं झटकून अंथरलं. "या भाऊसाहेब. लई दिसांनी." जणू गेल्या वर्षी काही झालंच नव्हतं. शेळीच्या दुधाचा चहा झाला. एक नवीन कुत्रा होता, पिवळसर, अजून पोरसवदा. मोकळा होता. गळ्यात तोच खिळ्यांचा पट्टा, त्याला मोठा होत होता, म्हणून आतून चिंधी गुंडाळलेली. तो माझ्याकडे येऊन साखळीचा वास येतोय की काय असा माझे हात हुंगत बसला. मला उगाच तसं वाटलं असेल.

बोलणं पावसाचं झालं, चाऱ्याचं झालं. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात पावणा जरा पुढे सरकला आणि बायकोला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाला,

"भाऊसाहेब, येक इचारू का? आमचा भाचा सांगत व्हता, त्याच्या मोबाईलमधलं असंच समदं गेलं व्हतं, आन मग नवं अपडेट आलं तवा माघारी आलं म्हन. तुमच्या मशीनला आलं का नवं अपडेट?"

त्याची बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण थापायचंही थांबवलं.

मी पुलावर म्हणून बघितलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं.

"न्हाई अजून," मी म्हटलं. "आलं की सांगतो."

"सांगा," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. "घाई न्हाई. आमी दरसाली येतोच की."